चेहरा कशाला हवा

घरात तिला अजूनही बारकी म्हणत. एक्केचाळीस वर्षांची झाली, कानाजवळचे केस पांढरे झाले, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, तरी आईच्या तोंडी आपली बारकीच. तिला त्याचं काही वाटत नसे. बारकी म्हणायचं तर कुणीतरी थोरला असावा लागतो, आणि घरात त्या थोरल्याचा उल्लेख व्हायचा तो एवढाच, तिच्या नावाच्या आडून.

ती काम करायची ते ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर पंपाचा फुस्सफुस्स आवाज, वर शब्दकोड्यांची वेबसाइट. लोक आपापली कोडी रचून तिथे टाकत, दुसऱ्यांची सोडवत आणि एखाद्या सूचनेवरून आठवडाभर भांडत. चालवणारी माणसं तीन. मालकीण म्हणजे बाई; पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलेल्या, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की दात दुखल्यासारखा चेहरा करणाऱ्या. सभासदांच्या पत्रांना उत्तरं देणारे ते टपालकाका. आणि साइट चालती ठेवणारी बारकी.

टपालकाकांचं एकच रडगाणं होतं. सकाळी आले की चहा ओतायच्या आधी आकडा जाहीर करायचे.

"आज त्रेचाळीस! त्रेचाळीस जण पासवर्ड विसरले. त्यातले नऊ कालही विसरले होते. अहो, अकरा अक्षरी शब्द चुटकीसरशी ओळखणारी ही माणसं, स्वतःचा आठ अक्षरी पासवर्ड यांना आठवत नाही!"

शेवटी बाईंनीच विषय काढला. "त्या दुसऱ्या साइटवर बटण असतं बघ, मेलचं खातं वापरून आत जा म्हणून. तसं आपल्याकडे नाही का करता येणार?"

"येईल की," बारकी म्हणाली. "माणूस आपलं बटण दाबेल, मेल कंपनीच्या पानावर जाईल, तिथे आपली ओळख पटवेल. मग कंपनी आपल्याला सांगेल, हा तोच आहे, घ्या आत. पासवर्ड आपल्याकडे राहणारच नाही."

"आणि कंपनी आपल्याला त्याच्याबद्दल काय काय सांगेल?"

"आपण मागू ते. आणि तो माणूस हो म्हणेल ते."

"मग मेलचा पत्ता माग. बस्स. आपण कोडी सोडवून घेतो, लग्नं नाही जमवत."

टपालकाका ठसक्यासकट हसले. बारकी हसली नाही. 'आपण मागू ते' हे तिचेच शब्द तिच्या कानात राहिले होते.

त्याला कारण होतं ते खोडरबर.

साइटवर बहुतेक जण टोपणनावानंच वावरत. खोडरबर हा त्यातलाच एक, चार वर्षांपूर्वी आलेला. दर पंधरवड्याला एक कोडं टाकायचा, कुणाशी वाद घालायचा नाही, कौतुकाला उत्तर द्यायचा नाही. सूचना मात्र अशा, की सोडवणाऱ्यानं कपाळावर हात मारून घ्यावा. 'राज्य उलटलं की थोडंच उरतं, अक्षरं दोन.' लोक तासतासभर अडकायचे आणि मग कुणीतरी ओरडायचं, अरे, जरा! राज उलटं वाचा!

त्याच्या तिसऱ्या कोड्याच्या वेळी बारकीच्या लक्षात आलं. पहिला आडवा शब्द: चाळणी. मागचं कोडं काढून पाहिलं. किसणी. त्याच्या मागचं. झाकण. तिनं कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले.

तिचे वडील एका साप्ताहिकासाठी कोडी रचायचे. जेवणाच्या टेबलावर चौकटीचा कागद पसरलेला, समोर वडील, शेजारी दादा, आणि टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून ती. घरचा एक नियम होता, आणि तो दादानं घातलेला होता: पहिला आडवा शब्द आईला आला पाहिजे, तोही ओट्यापाशी पाठमोरी उभी असताना, मान न वळवता. म्हणून तो नेहमी स्वयंपाकघरातला. दादा सूचना वाचायचा, आई विचार केल्यासारखं करायची आणि म्हणायची, "गाळणी!" मग सगळे टाळ्या वाजवायचे. ही गोष्ट छापून कुठेच आली नव्हती. घरातल्या चौघांखेरीज जगात कुणाला माहीत नव्हती.

पुढे वडिलांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. चौकटी दिसेनाशा झाल्या, तेव्हापासून कोडी दादाच रचू लागला. पाच वर्षं रचली. वाचकांची पत्रं यायची, यंदा तुमच्या कोड्यांना नवी धार चढली आहे म्हणून, आणि वडील ती बारकीकडून वाचून घ्यायचे. एके दिवशी दादा म्हणाला, "बाबा, खाली बारीक अक्षरात माझंही नाव छापायला सांगा ना."

"कोडं माझ्या नावावर चालतं," वडील म्हणाले. "तुझ्या नावाचं कोण सोडवणार?"

आवाज चढला नाही, भांडी आदळली नाहीत. दादानं कागदाची घडी घातली, पेन खिशाला लावलं, आणि तिसऱ्या दिवशी एक बॅग घेऊन तो गेला. दोनदा फोन आला. मग तो नंबर बंद झाला. याला सोळा वर्षं झाली होती. मधे वडील गेले, त्यालाही सहा वर्षं उलटली; कळवायचं कुठे, हेच माहीत नव्हतं. आणि वडील म्हणायचे ते एक वाक्य बारकीला पाठ होतं: कोडं रचणाऱ्याच्या हातात खोडरबर दिसता कामा नये.

मग चार वर्षांत तिनं त्याला लिहिलं का नाही? एक तर सभासदांच्या पत्त्यावर खासगी पत्र धाडायचं नाही, हा बाईंचा पहिल्या दिवसापासूनचा दंडक. दुसरं म्हणजे, तो दादा नसला तर? आणि तिसरं, जे ती स्वतःशीही धडपणे बोलत नसे: तो दादाच असला, आणि आपला सुगावा लागल्याचं कळून पुन्हा निघून गेला तर? पंधरा दिवसांनी एक कोडं, एवढं तरी हातात होतं.

आईलाही तिनं काही सांगितलं नाही. फक्त खोडरबरचं कोडं आलं, की संध्याकाळी भाजी निवडता निवडता सहज विचारल्यासारखं विचारायची, "आई, भोकंभोकं अंगभर, तरी घरात मान. तीन अक्षरी?"

"चाळणी," आई म्हणायची. आणि थोडं थांबून, "कुणाचं गं कोडं?"

"असंच. ऑफिसातलं."

बटणाचं काम तीन आठवडे चाललं. कंपनीकडे साइटची नोंदणी केली, त्यांनी एक गुप्त किल्ली दिली, ती वेगळी सांभाळून ठेवली. ओळख पटल्यावर माणसाला परत कुठे पाठवायचं तो परतीचा पत्ता कळवला, आणि त्या पत्त्याच्या शेवटच्या एका तिरक्या रेघेपायी अख्खा दिवस वाया गेला. इकडे रेघ होती, तिकडे नव्हती, आणि कंपनीचं पान तोंडावर दार लावत होतं. जुन्या सभासदांसाठी आत गेल्यावर 'खातं जोडा' असं दुसरं बटण केलं. महिनाअखेर जुने पासवर्ड बंद व्हायचे होते, त्याआधी सगळ्यांनी जोडून घ्यायचं होतं.

काय काय मागायचं, ते एका ओळीत लिहायचं असतं. तिनं आधी एकच शब्द लिहिला, मेलच्या पत्त्यासाठी. चाचणी घेतली, सगळं नीट चाललं. मग कंपनीच्या माहितीत वाचलं, की त्याच ओळीत आणखी एक शब्द टाकला तर माणसाचं नाव आणि फोटोही येतो.

दुपारची वेळ होती. बाई बँकेत गेल्या होत्या, टपालकाका खाली सायकलवाल्याशी गप्पा मारत होते. तिनं तो शब्द टाकला आणि स्वतःच्या खात्यातून आत जाऊन पाहिलं. तिचंच नाव आलं, तिचाच फोटो, दोन वर्षांपूर्वीचा, वाऱ्यानं केस विस्कटलेला. किती सोपं होतं. दादाचे केस गेले असतील का? बाबांसारखी हनुवटीखालची कातडी लोंबायला लागली असेल का? आता अठ्ठेचाळीसचा. रस्त्यात समोरून आला तर आपण ओळखू का?

शब्द खोडायला ती बसली, आणि खोडला नाही. नावाशेजारी फोटो दिसला तर साइट छान दिसेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. आणि तसंही परवानगी विचारतातच की. ज्याला नको तो नाही म्हणेल.

सोमवारी अकराला बटण सुरू झालं. टपालकाकांची त्रेचाळीस पत्रं बुधवारपर्यंत बारावर आली. "मी आता काय करू? कविता?" ते म्हणाले. बारकीचं तिकडे लक्ष नव्हतं. कोण आलं, कोण अडलं, याची नोंदवही तिच्यासमोर उघडी होती, आणि दर पाच मिनिटांनी ती एकाच नावासाठी वरपासून खालपर्यंत नजर फिरवत होती.

बुधवारी दुपारी ते नाव आलं. खोडरबर. खातं जोडण्याचा प्रयत्न. पुढे दोन शब्द: परवानगी नाकारली.

चार मिनिटांनी पुन्हा तेच. परवानगी नाकारली. दुसऱ्या दिवशी सकाळी, तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी तो बटणापर्यंत येत होता, कंपनीच्या पानावर जाऊन 'ही साइट तुमचं नाव आणि फोटो पाहू इच्छिते' हे वाचत होता आणि मागे फिरत होता. बारकीला वाटलं, आपण दाराच्या आत उभ्या आहोत, बाहेर त्याची चप्पल वाजते आहे, आणि कडी आपणच घालून ठेवली आहे.

शुक्रवारी टपालकाकांनी पत्र मोठ्यानं वाचलं. "ऐका, खोडरबरसाहेब पहिल्यांदाच बोलले. 'नमस्कार. कोडी सोडवायला माझा चेहरा कशाला हवा? हे सक्तीचं असेल तर महिनाअखेरीनंतर मी येऊ शकणार नाही. चार वर्षं आनंदात गेली, आभारी आहे.' चेहरा? आपण चेहरा कधी मागतो?"

बाईंनी चष्मा काढला. "आपण फक्त पत्ता मागतो ना गं?"

बारकीनं सगळंच सांगून टाकलं. चाळणी, किसणी, चौकटीचा कागद, बॅग, बंद नंबर. टपालकाका मधेच उठले, दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसले. बाई ऐकत राहिल्या.

"चूक झाली माझी," बारकी शेवटी म्हणाली.

"चुका मी आयुष्यभर पाहिल्यात," बाई म्हणाल्या. "चूक हातून होते. ही तू बसून, विचार करून केलीस. किती जणांचे फोटो आले आपल्याकडे?"

"दोनशे अकरा."

"पाहिलेस?"

"नाही. एकही नाही. मला फक्त..."

"माहीत आहे तुला फक्त काय हवं होतं. ते दोनशे अकरा पूस आधी. मग त्या सगळ्यांना पत्र, मी लिहिते, सही माझी. आणि त्यांना पण," बाईंनी टपालकाकांच्या स्क्रीनकडे बोट केलं, "साधं, सरळ उत्तर. एक शब्द जास्तीचा नको."

बारकीनं शब्द काढला. फोटो पुसले. एवढंच नव्हे, आत आलेल्या माणसानं खातं जोडलं तर पत्त्याचीही गरज नव्हती. कंपनी प्रत्येकाला एक लांबलचक आकडा देते, तेवढा ठेवला तरी भागत होतं. तिनं तेवढाच ठेवला. उत्तर टपालकाकांनी लिहिलं: चूक आमची होती, दुरुस्त केली आहे, आता तुमच्याकडून नाव, फोटो, पत्ता काहीही घेतलं जाणार नाही, कृपया राहावं.

संध्याकाळी निघताना बाईंनी तिला जिन्यात थांबवलं. आवाज मघाचा नव्हता.

"त्याला शोधायचंय ना तुला? मग शोध. पण साइटच्या आडून नको. स्वतःच्या नावानं, चारचौघांत उभी राहून हाक मार. ऐकायचं तर ऐकेल."

हाक मारायची म्हणजे काय करायचं, यावर बारकीनं दोन दिवस डोकं खाजवलं, आणि मग तिनं आयुष्यातलं पहिलं कोडं रचायला घेतलं. त्या घरात तिघांपैकी ती एकटीच कोडी न रचणारी. बाबांनी तिला कधी बसवलं नाही, दादा गेल्यावर तिला बसावंसं वाटलं नाही. आता रविवारी सकाळी आईसमोर चौकटीचा कागद पसरून बसली, तेव्हा आईनं टेबलावरची बरणी उचलून जागा करून दिली.

जमेना. उभा शब्द बसला की आडवा मोडायचा. एका कोपऱ्यात नुसत्या 'ळ'नं तिला पाच दिवस छळलं. तरी तेरा उभ्याची सूचना सुचली तेव्हा ती एकटीच हसली: 'नदी मागे फिरली तर गरीब होते बिचारी.' नदी उलटी, दीन. कोडं तयार झालं तसं तिनं ते साइटवर टाकलं, टोपणनाव न घेता, स्वतःच्या पूर्ण नावानं, आडनावासकट.

महिना संपायला दोन दिवस असताना नोंदवहीत खोडरबरपुढे 'जोडलं' असं आलं. शेजारी एकवीस अंकी आकडा. तिनं तो एकदा मनात वाचला, मग पुन्हा एकदा, फोन नंबर पाठ करतात तसा तीन-तीन अंक तोडून. त्या आकड्यावरून कुठेही फोन लागणार नव्हता. पण जगात तो आकडा एकाच माणसाचा होता.

तिचं कोडं चौऱ्याऐंशी जणांनी सोडवलं. कुणी बरं म्हणालं, कुणी बाळबोध म्हणालं. खोडरबरनं सोडवल्याची नोंद होती, वेळ सहा मिनिटं. पुढे काही नाही. आठवडा गेला. दहा दिवस गेले. तिनं स्वतःला समजावलं: नसेल तो. चाळणी काय, किसणी काय, कुणालाही सुचेल.

अकराव्या दिवशी टपालकाका आले ते आकडा न सांगताच. एक कागद छापून त्यांनी तिच्या टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "साइटच्या पत्त्यावर आलंय, पण साइटचं नाही. दोन शब्द वाचले आणि थांबलो." मग किटली घेऊन ते दुसऱ्या खोलीत गेले.

'बारके,

तेरा उभ्याची सूचना ढिली आहे. "नदी मागे फिरली तर गरीब" एवढं पुरे. "होते बिचारी" कशाला? सोडवणाऱ्याला दया नको असते. बाकी कोपरा डावीकडचा चांगला साधला आहेस. ळ घेऊन कुणी नवशिका वाटेला जात नाही.

तुमच्या "आमच्याबद्दल" पानावर तुझा फोटो आहे. तो पाहूनच मी इथे आलो, चार वर्षांपूर्वी. अधूनमधून ते पान उघडतो. चष्मा बदललास मधे, तोही पाहिला. तेव्हा मीच तुझ्याकडे चेहरा कशाला हवा म्हणून विचारावं, हे बरोबर नव्हतं. पण मला अजून जमत नाही.

बाबांचं पेपरात वाचलं होतं. त्या दिवशी निघालो होतो. स्टेशनवर उतरलो, बाकावर बसलो, आणि पुढची गाडी धरून परत गेलो. ते तुला सांगून ठेवतो. येईन असं आत्ता लिहीत नाही, कारण लिहिलं तर तुम्ही वाट पाहाल.

आईला पहिला शब्द अजून येतो का?'

खाली सही नव्हती. बारकीनं चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग तिनं ते पान उघडलं. आमच्याबद्दल. तिचा फोटो मधला, डावीकडे बाई, उजवीकडे टपालकाका. नऊ वर्षांत तिनं ते पान क्वचितच उघडलं असेल. हसू जरा ओढूनताणून आणलेलं. चार वर्षं तो या हसण्याकडे पाहत होता, आणि ती त्याच्या चौकटी उकरत बसली होती.

त्या दिवशी ती अर्धी सुट्टी घेऊन घरी गेली. आई मटार सोलत होती. बारकीनं पत्र वाचून दाखवलं, एकदा सरळ, मग आईनं सांगितलं म्हणून पुन्हा. आईचे हात मधे थांबले आणि नंतर चालूच राहिले.

"म्हणजे ती कोडी त्याचीच होती," आई म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"तू विचारायचीस तेव्हा तुझा आवाज बदलायचा." आईनं एक शेंग मोडली. "अक्षर कसंय त्याचं? वाकडं झालंय का?"

"आई, टाईप केलेलं आहे."

"हं." आईनं पुढची शेंग उचलली. "त्याला म्हणावं, एक पत्र हातानं लिहून पाठव. घर तेच आहे, पत्ता तोच आहे. बाकी काही नको म्हणावं. ये-बिये काही लिहू नकोस."

"आणि पहिल्या शब्दाचं?"

"लिही, येतो म्हणून. मान वळवावी लागत नाही."

बारकीनं तसंच लिहिलं, आईचे शब्द होते तसे. आपलं म्हणून एकच ओळ घातली: बिचारी काढून टाकली आहे.

पाच आठवडे खालच्या पत्रपेटीत विजेचं बिल आणि जाहिराती आल्या. आई सकाळी एकदा, दुपारी एकदा जिना उतरायची. गुडघे दुखतात म्हणून बाजारात न जाणारी आई, पेटीपर्यंत मात्र जायची. सहाव्या आठवड्यात एक पाकीट आलं. वर पाठवणाऱ्याचा पत्ता नव्हता, पण शिक्क्यातलं गाव वाचता येत होतं. इतकं लांबही नव्हतं ते. सकाळी निघालं तर दुपारपर्यंत पोचावं.

बारकी कामावरून आली तेव्हा पाकीट फोडलेलं होतं आणि आई खिडकीशी बसली होती, पत्र मांडीवर, हात पत्रावर.

"काय लिहिलंय?"

"आहे थोडं."

"वाचू?"

"तुला आलं की तुझं वेगळं, कॉम्प्युटरवर." आईनं पत्राची घडी घातली. तिचे डोळे कोरडे होते, आवाज ठीक होता. "हे माझं आहे."

बारकी शेजारी बसली. शिक्क्यातलं गाव तिनंही वाचलं होतं आणि आईनंही, आणि ते दोघींनाही एकमेकींच्या चेहऱ्यावर दिसत होतं. रस्त्यावर दिवे लागायला वेळ होता. शेजारच्या बिल्डिंगमधला माणूस गॅलरीत शर्ट वाळत घालत होता.

"अक्षर?" बारकीनं विचारलं.

"तसंच आहे," आई म्हणाली. "जरा मोठं झालंय. त्यालाही आता दिसत नसावं नीट."